तुझ्या जागी सावळाराम

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या सुप्रियाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात). वहिनीची पाठ कशी आहे? धरणाचं पाणी उतरलं का, जुन्या देवळाचं शिखर दिसायला लागलं का? दोन वर्षं बोललो नाही, म्हणून मी या चौकश्या आठवून आठवून लिहिते आहे असं तुला वाटेल. तसंच आहे.

दादा, मी तुझी भर सभेत बदनामी केली आहे. ती दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी. (हा प्रामाणिकपणा की भीती, यावर काल रोजनिशीत दीड पान खर्च केलं, निकाल लागला नाही.)

आमच्या कॉलेजातली समुपदेशक प्रगती बारामतीत नाट्योपचाराचं शिबिर घेते. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना मी उसासे टाकते म्हणे, म्हणून मला ओढून नेलं. शंभरेक वर्षांपूर्वी व्हिएन्नात मोरेनो नावाचे डॉक्टर होते. माणसाने आपलं दुखणं नुसतं सांगू नये, चारचौघांत करून दाखवावं, असं त्यांचं मत. गटातलाच कोणी तुमची सासू होतो, कोणी साहेब. मग जागा बदलून तुम्ही स्वतः सासू व्हायचं. पुढे ही पद्धत दवाखान्यांत, शाळांत, तुरुंगांतसुद्धा पोचली. बघणाऱ्यांनी मात्र सल्ला द्यायचा नाही, शेवटी स्वतःला काय वाटलं तेवढंच सांगायचं, असा नियम. (व्हिएन्नात भावकी नसावी.)

माझी पाळी आली तेव्हा तुझ्या जागी मी लासुर्ण्याचे सावळाराम निवडले. डाळिंबवाले, बायको गेल्यापासून बोलत नाहीत म्हणून सुनेने आणून बसवलेले. मिशा तुझ्यासारख्या, एवढंच कारण. प्रगती म्हणाली, बोला भावाशी. आणि मी बोलले. तुझ्या वास्तुशांतीला मला आहेरात जी मोरपंखी साडी मिळाली, ती मीच आदल्या दिवाळीत वहिनीला दिलेली होती, फॉलसुद्धा माझ्या हातचा, म्हणून मी भरल्या पानावरून उठून आले, आणि आता माझ्या श्रियाचं लग्न ठरलं तरी तुझा निरोप नाही, हे सगळं सांगितलं. तू बायकोच्या ओंजळीने पाणी पितोस म्हणाले. वहिनीच्या माहेराचा उद्धार केला. तुझ्या घोरण्याचा काही संबंध नव्हता, तेही निघालं.

मग जागा बदलल्या. तुझ्या खुर्चीत मी, माझ्या खुर्चीत सावळाराम. त्यांनी मला विचारलं, "दादा, माझीच साडी मला का रं दिलीस?" मी तुझ्यासारखी मान खाजवली आणि तोंडातून निघालं, "कसली साडी?"

मी तिथेच गार पडले. तुला ठाऊकच नव्हतं! ज्याला स्वतःचा टॉवेल ओळखू येत नाही, तो साडी काय ओळखणार? मी का उठले ते कधी सांगितलं नाही, आणि तू भाऊबीजेला येईनास तो माज म्हणून धरून बसले. (वहिनीलाही आहेराच्या ढिगात कळलं नसेल. की कळलं असेल? बघ, पुन्हा सुरू झाले मी.)

मी खाली मान घालून बसले, आणि इकडे बैठक भरली. इंदापूरच्या कुशाबाई म्हणाल्या, "भाचीच्या लग्नाचं आवतन तरी दिलंस का न्हाय?" श्रियाची पत्रिका पाठवली आहे, मी म्हणाले.

"कुणाच्या हाती?"

"पोस्टाने."

"मामाला पोस्टानं? आगं, त्यो काय सरकारी हापीस हाय व्हय!"

तुझं उत्तर का आलं नाही, ते तेव्हा कळलं. प्रगती "सल्ला नको, सल्ला नको" म्हणत होती. तिच्या हातात कोणी तरी चहा दिला. तडजोड ठरली: बहिणीने चुकलं म्हणायचं, भावाने लग्नात उभं राहायचं. नारळ नव्हता म्हणून बिस्किटांचा पुडा फोडला. मी सावळारामांच्या पाया पडले, त्यांचे डोळे भरून आले, सगळे रडले. घरी आल्यावर लक्षात आलं की मी माफी भलत्याच माणसाची मागून आले आहे.

चुकले रे दादा. हे तुला.

तुझी,
सुप्रिया

ता. क. सावळारामांनी तडजोड फार मनावर घेतली आहे. रोज सकाळी फोन करून "बाय, जेवलीस का?" विचारतात. सून म्हणते, मामंजी बोलायला लागले, देव पावला. त्यांनी फेटाही घेतला आहे. लग्न पंधरवड्यावर आलंय. श्रियाला मांडवात आणायला तू आला नाहीस, तर ते येणार; त्यांना नाही म्हणायचं माझं धाडस नाही. रविवारी मी स्वतः कुंकू-अक्षता घेऊन पळसदेवला येते आहे. घरी थांबशील ना?

आणखी एक ता. क. वहिनीला सांग, लग्नात मी तीच मोरपंखी साडी नेसणार आहे. साडी चांगली आहे. मीच तर निवडली होती.