गेटावरचं सिमेंटचं विमान

माझ्या जमिनीवरच्या बाबांना,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. उद्या तुमचं वर्षश्राद्ध, आणि उद्याच आपल्या गल्लीच्या तोंडाशी तुमच्या नावाच्या गेटचं उद्घाटन. दुपारी सौंसरहून आले, गेट पाहिलं आणि अक्षरशः शिसारी आली. घरात कुणाशी बोलावंसं वाटेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

गेटावर काळ्या दगडात कोरलंय, 'शूर वैमानिक'. खाली तुमचं नाव. शेजारच्या बॅनरवर तुमचा चेहरा कुणा परदेशी पायलटच्या हेल्मेटात बसवलाय, कान मात्र बाहेर राहिलेत. वर सिमेंटचं लढाऊ विमान. ते बनवणारा एरवी जामसांवलीच्या रस्त्यावर हनुमानाच्या मूर्ती करतो, त्यामुळे विमानाला पैलवानासारखी छाती आली आहे. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून इथे ज्याला त्याला गेट हवं झालंय. तुमच्या लेकाला, प्रमोदलाही हवं झालं.

तुम्ही एकदा तरी विमान उडवलंत का हो? हवाई दलातली सगळी नोकरी तुम्ही एका बंद खोलीत, टेबलापाशी काढलीत. विमान कसं चालवायचं, बिघडलं तर काय करायचं, हे ज्यात लिहिलेलं असतं ते जाडजूड फ्लाइट मॅन्युअल तुमच्या ताब्यात होतं. कड्यांत अडकवलेली सुटी पानं. वरून सुधारलेली पानं आली की जुनी काढायची, नवी घालायची, एकेका पायलटच्या प्रतीत. तुमचं काम ते. चांगलं काम होतं.

आत काय लिहिलंय हे तुम्ही घरात कधीच सांगितलं नाही. पद्धत मात्र शिकवलीत. तुम्ही सुटीवर आला होतात आणि आईची पोथी वाऱ्याने अंगणभर झाली, आठवतं? सुट्या पानांची पोथी. आई पानं गोळा करून तशीच फडक्यात बांधायला निघाली, तर तुम्ही ती काढून घेतलीत. मी आकडा मोठ्याने म्हणायचा, तुम्ही पान ठेवायचं. सगळं झालं की पुन्हा पहिल्यापासून, या खेपेला तुम्ही म्हणायचं आणि मी ठेवायचं. त्यात एक पान दोनदा निघालं. एक जुनं, फाटकं, अर्ध्या ओळी चुकलेलं; दुसरं कुणीतरी शुद्ध करून हाताने लिहिलेलं.

"राहू द्या ना दोन्ही. देवाचं हाय," आई म्हणाली.

"देव समजून घेते. पायलट नाही घेत," तुम्ही म्हणालात. "वरते इंजिन बंद पडलं की जे पान उघडलं तेच करते तो. लावणाऱ्याले इचारायले खाली येत नाही."

आणि ते जुनं पान तुम्ही स्वतः जाऊन जाम नदीत सोडून आलात. आई दोन दिवस धुसफुसत होती.

अशा माणसाच्या नावावर हे असलं पान कोरलंय, बाबा. तेही दगडात.

प्रमोदने मला भाषणही लिहून दिलंय. मी शिक्षिका, म्हणून उद्या नगरपालिकेच्या पार्षदांपुढे मी वाचायचं. 'आकाश चिरत शत्रूवर तुटून पडणारे आमचे बाबा!' तुम्हाला तर जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसलं की भोवळ यायची. वाचूनच तोंड कडू झालं.

"हे काय लिहिलंस?" मी त्याला विचारलं.

"ताई, कोण पाहून राहिलं? लोकं त बाबाले पायलटच म्हणत होते."

"खोटं आहे ते."

"मंग काय लिहू? कागदं लावणारा? त्याच्यासाठी कोणी गेट बांधते काय?" तो जायला निघाला आणि दारातून म्हणाला, "आन् बाबानं तरी कोणाले कधी नाही म्हटलं काय?"

हे मात्र खरं. बाजारात, टपरीवर, लग्नात लोक 'पायलटसाहेब' म्हणायचे आणि तुम्ही नुसतं हसायचात. मला वाटायचं, थट्टा चालली आहे. आईला विचारलं. ती निवडत असलेल्या तांदळातून वर न बघता बोलली.

"पहिले खरंच सांगत होते ते. सोयरे बसले होते वसरीत, इचारलं का फौजेत काय करता, त हे म्हणाले, विमानाच्या पुस्तकात पानं लावतो. आपला तिगावचा मामा असा हासला! म्हणे, एवढ्या दूर जाऊन बायंडिंग करून राहिले काय भाऊजी? समदे हासले. मीबी हासली. त्या दिवसापासून चुपच झाले ते."

बाबा, राग प्रमोदचा होता, तो आता तुमच्यावरही निघतोय. दुसऱ्याच्या प्रतीत एक चुकीचं पान राहिलं तर तुम्हाला झोप लागत नसे, आणि स्वतःच्या प्रतीत ते तुम्ही जन्मभर राहू दिलंत? चार माणसं हसली म्हणून? मॅन्युअलमध्ये मजकूर बदलला की समासात काळी उभी रेघ येते, असं तुम्हीच सांगायचात. तुमच्या या बदलाशेजारी रेघसुद्धा नव्हती. आम्ही काय समजायचं होतं? प्रमोदने जे पान समोर दिसलं ते उघडलं. त्याचा वीट येतोच, पण ते त्याच्यासमोर ठेवलं तुम्ही. आणि ज्या कामात तुम्ही कधी हयगय केली नाहीत, त्याचीच तुम्हाला लाज वाटायला लागली, हे तर मला अजिबात सहन होत नाही.

भाषणाचा कागद मी फाडलाय. उद्या माईक हातात आला की पहिलंच वाक्य म्हणणार आहे, "माझ्या बाबांनी एकही विमान उडवलं नाही." दगड बदलून घेईन, त्यासाठी प्रमोदशी भांडावं लागलं तरी. लोक हसतील. तिगावचे मामा पहिल्या रांगेत असतील, ते सगळ्यांत आधी हसतील. हसू देईन. त्यांचं हसून झालं की तुम्ही काय करत होतात ते सांगायला लागेन, आणि तुमच्यासारखी मध्येच चूप होणार नाही.

तुमच्यावर चिडलेली, तुमचीच
सुनंदा