तहाची पानं आणि ढापणी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतोय? दुकानाचा जिना चढू नका असं आईने बजावलं, तर तुम्ही मधल्याच पायरीवर बसून पुस्तकं शिवता असं कळलं. (आई हे रागाने सांगत होती, पण मधूनच हसत होती.) बाबाही मजेत आहेत. मध्यंतरी त्यांना स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरायला परवानगी काढावी लागत होती, एवढंच.

त्याचं असं झालं, की इतिहासाच्या बाईंनी आम्हाला गटाने अभ्यासायला शंभर वर्षांपूर्वीचं यादवी युद्ध दिलं. डोंगरवाले विरुद्ध बंदरवाले. गटात मी, ढापणी आणि आमच्या वर्गातले जुळे भाऊ. ढापणी म्हणजे शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर तुमच्या दुकानात कागदांच्या घड्या घालायला यायची ती. (चष्म्यावरून हे नाव मीच ठेवलं, आणि माझ्याशिवाय कुणी तसं म्हटलेलं तिला खपत नाही.) आम्ही बाजू वाटून घेतल्या. मी आणि धाकटा जुळा डोंगरावर, ती आणि थोरला जुळा बंदरात.

पण ग्रंथालयात त्या युद्धावर पुस्तक एकच. पहिला अर्धा भाग डोंगरवाल्यांचा, दुसरा बंदरवाल्यांचा. तेव्हा मामा, तुमच्या भाचीने शिवणीचा दोरा कापून त्या पुस्तकाच्या सरळ वाटण्या केल्या. एकही पान फाटलं नाही, कारण दोरा कुठे कापायचा ते तुम्हीच शिकवलं होतं. हे लिहिताना मला तोंड लपवावंसं वाटतंय. मधोमध तहाचं प्रकरण होतं. ते कुणाच्याच वाट्याला जाईना, म्हणून आमच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि कठडा तटस्थ म्हणून जाहीर केला.

गटाचा अभ्यास आमच्याकडेच चालायचा, मग घरात खडूने सरहद्दही आखली. स्वयंपाकघर बंदरात गेलं, त्यामुळे बाबांना चहासाठी ढापणीची परवानगी लागू लागली. (ती द्यायची, पण आधी कारण विचारायची.) जुळ्यांनी घरी एकाच पांघरुणावरून इतकी ओढाताण केली, की त्यांच्या आईने दोघांनाही बिनपांघरुणाचं झोपवलं. लेखकाने प्रस्तावनेतच सांगितलं होतं, की मी ज्याची त्याची बाजू ज्याच्या त्याच्या तोंडून मांडली आहे, सगळं खरं धरू नये. ती प्रस्तावना बंदरवाल्यांनी वाचली नाही, कारण ती आमच्याकडे होती. आम्ही वाचली नाही, कारण प्रस्तावना कोण वाचतं?

वर्गात बोलायच्या दिवसापर्यंत बंदरवाले जन्मजात लबाड आहेत याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. ढापणी उत्तर द्यायला उभी राहिली. तिला हवं ते पान सापडेना. पानं सुटी, चष्मा नाकावरून घसरलेला. मी म्हटलं, "सावकाश शोध, हरायला वेळ लागतोच." सगळा वर्ग हसला. मीही हसले. ती पानं गोळा करून खाली बसली. मग बाईंनी विचारलं, "बरं, हे युद्ध संपलं कसं?" कठड्यावरचा तह आमच्यापैकी कुणीच वाचला नव्हता. आमच्या प्रकल्पात ते युद्ध अजून चालूच आहे.

त्या दिवसापासून ढापणी माझ्याशी बोललेली नाही. जुळे संध्याकाळी एका पांघरुणात गेले आणि मिटलं त्यांचं. आम्हाला तशी सोय नाही. ती आता दुसऱ्या बाकावर बसते, आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर मी दप्तर ठेवते, म्हणजे ती रिकामी वाटत नाही. पण वाटतेच.

तहाची पानं मात्र सापडली. कठडा कुणाचाच नाही म्हटल्यावर आईने त्या पानांत चपला गुंडाळून चांभाराकडे दिल्या होत्या. त्याने चपला शिवून त्याच कागदांत परत पाठवल्या. मी ती पानं उलटसुलट वाचून काढली. कालव्यातला गाळ कोणी काढायचा, पूल कोणी बांधायचा, सगळं सविस्तर आहे. आधी कोण बोललं, तेवढंच लिहिलेलं नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. ग्रंथपाल बाई पुस्तक मागताहेत. तुम्ही परत शिवून द्याल ना? माझा अर्धा भाग आणि तह घेऊन मी शनिवारी शाळा सुटल्यावर येते.

ता. क. दुसरा अर्धा ढापणीकडे आहे. तो तिने स्वतःच आणला पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या हातून चालणार नाही, असा निरोप तिला तुमच्या नावाने धाडा. तुमचं ती ऐकते. आणि शिवायला अजिबात घाई करू नका, गुडघ्याचं कारण सांगा.

ता. क. ती आली आणि मी दिसले नाही, तर मी गल्लीच्या तोंडाशीच असेन. मला बोलवायला तिलाच पाठवा. ती नाही म्हणाली, तर पुस्तक राहू द्या.