योग्य उमेदवार मिळेपर्यंत

ठाकुर्ली
६ जानेवारी २०२५

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या महिला महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवाची निमंत्रणपत्रिका आज कुरिअरने आली. कागद इतका जाड की त्यावर पोळी लाटता येईल. आत छापलंय की संस्थेच्या आद्य आधारस्तंभ कै. सुमतीताई आठल्ये यांच्या तैलचित्राचं अनावरण होणार आहे. आणि पाकिटावर, त्याच सुमतीताई आठल्ये यांना सहकुटुंब उपस्थितीची आग्रहाची विनंती आहे. कैलासाहून येण्याजाण्याची सोय संस्था करणार, की रिक्षा मीच बघायची, तेवढं कळव.

रतनने पोळ्या करता करता पत्रिका वाचली आणि मला चिमटा काढून बघितला. मी ओरडले, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. वर म्हणाली की छापलेलं आहे म्हणजे काहीतरी असेलच.

ते जाऊ दे. शहाऐंशी वर्षांच्या बाईला घाईने वर पाठवलं तर त्यात कुणाचं फार चुकलं असं नाही. मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या जाडजूड पत्रिकेत दुपारच्या वर्गाचं नाव कुठेही नाही. घरचं सगळं उरकून, पोराला शाळेत पोचवून येणाऱ्या बायकांसाठी मी तो वर्ग काढला, आणि महाविद्यालय सुरू झालं ते त्याच वर्गाने. सकाळचं सत्र नंतर आलं. तू तिथली प्राचार्या आहेस, निदान खुर्चीवर तरी बसतेस, म्हणून तुला विचारते. वर्ग आहे ना अजून?

माझ्यावर लोभ आहे तो असू दे, वाढवलास तर हरकत नाही.

तुझी आत्या,
सुमती

---

वर्तकनगर, ठाणे
११ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग ऑफिसात जाऊन खूप ओरडले. आमच्या नव्या क्लार्कची प्रामाणिक समजूत अशी, की ज्यांच्या तैलचित्राचं अनावरण होतं ते सगळे कै. असतात. उरलेल्या पत्रिकांवर आता त्या एका अक्षरावर पांढरी पट्टी चिकटवताहेत. काही ठिकाणी पट्टी नीट बसत नाही, त्यामुळे तू अर्धवट जिवंत दिसतेस. फोन करणार होते, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझ्या शेजाऱ्यांना सगळं ऐकू येतं, म्हणून पत्र.

दुपारचा वर्ग आहे. जूनपर्यंत आहे, असं म्हणते. अध्यक्ष साईनाथरावांना त्या खोल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कोर्ससाठी हव्यात. त्यांच्या मते दुपारच्या वर्गाचं ऐतिहासिक कार्य आता पूर्ण झालं आहे. वर्ग बंद करायचा प्रस्ताव विद्यापीठाकडे जायचा तर त्यावर प्राचार्यांची सही लागते. आणि मी सहा वर्षं प्रभारी प्राचार्या आहे, हे तुला माहीत आहेच.

साईनाथराव परवा अगदी घरच्या माणसासारखे बोलले. म्हणाले, मॅडम, महोत्सवात स्टेजवरच तुम्हाला कायम नियुक्तीची ऑर्डर देऊन टाकू आणि त्याच दिवशी प्रस्तावावर सहीही होऊन जाऊ दे, दोन्ही शुभकार्यं एकदम. अट अशी घातली नाही. शुभकार्याला कोण अट घालतं?

माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. मधु म्हणतो, कर सही आणि मोकळी हो. नवऱ्यांचे सल्ले नेहमी मोकळं होण्याचेच असतात. तुला काय वाटतं ते लिही. टोमणे मारशील हे गृहीत धरलं आहे.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आसावरी

---

ठाकुर्ली
१५ जानेवारी २०२५

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा ठीक आहे. तेल रतन लावते आणि लावताना तिच्या जावेचं सगळं पुराण सांगते. मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं.

कर की सही. एवढा काय विचार करायचा? त्या बायकांना दुपारी शिकायचंच आहे तर त्यांनी मोबाइल बघावा. हॉटेल मॅनेजमेंटची मुलं पाहुण्यांसमोर सुरीकाटे मांडतील, त्याचे फोटोही चांगले येतील. शिकणाऱ्या बाईच्या फोटोत असतं काय? डोळ्यांत झोप आणि पदराला हळद.

प्रभारी या शब्दाबद्दल मात्र माझ्याकडून चार ओळी ऐक, कारण त्या विषयातली या जिल्ह्यातली सर्वांत जुनी तज्ज्ञ मी आहे. महाविद्यालय निघालं तेव्हा संस्थेने ठराव केला, की योग्य उमेदवार मिळेपर्यंत सुमतीताईंनी प्रभारी प्राचार्य म्हणून काम पाहावं. जागा मी शोधली, वर्ग मी भरवले, बायकांच्या घरोघरी जाऊन सासऱ्यांशी वाद मी घातले, आणि संस्था तेवीस वर्षं योग्य उमेदवार शोधत राहिली. मी निवृत्त झाले आणि काय चमत्कार, योग्य उमेदवार लागलीच सापडला. त्याला मिशा होत्या. त्याच्यामागून आणखी दोन सापडले, तेही मिशांसकट आणि आल्या दिवसापासून कायम. पन्नास वर्षांत महिला महाविद्यालयाला कायम प्राचार्या म्हणून एक बाई मिळू नये, एवढी बायकांची टंचाई आपल्या डोंबिवलीत आहे.

आता साईनाथरावांना तू योग्य वाटू लागली आहेस. अभिनंदन. नेमकी कशासाठी योग्य वाटतेस, एवढं विचारून घे.

लोभाचं म्हणशील तर तो प्रभारी नाही, कायमचा आहे.

तुझी आत्या,
सुमती

---

वर्तकनगर, ठाणे
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र लागलं मला. आमच्या नीलला वाचून दाखवलं तर तो हसत सुटला. म्हणाला, आजी एकदम सॉलिड आहे, तुझा पार बाजार उठवला. मला हसू आलं नाही.

दुपारचा वर्ग काय आहे ते तू मला सांगू नकोस, आत्या. तू सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी तो सोडलास, मी आजही तिथे अर्थशास्त्र शिकवते. आंबिवलीहून जागृती येते. मुलाला शाळेत सोडून गाडी पकडते आणि तो सुटायच्या आत परत जाते. दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या सासूबाई, बायजाबाई, सगळ्या आळीला सांगतात की सून कॉलेजात गप्पा हाणायला जाते. वर्ग बंद झाला तर जागृतीला तिसऱ्या वर्षासाठी सकाळी सातला या म्हणून सांगतील. सातला तिच्या घरी पाणी येतं. म्हणजे तिचं शिक्षण दुसऱ्या वर्षाला संपलं. हे सगळं मला कळतं.

पण मी सही केली नाही तर काय होईल? मला बाजूला करून उद्या दुसरा प्रभारी आणतील आणि तो ऑफिसात पाऊल ठेवायच्या आधी सही करील. वर्गही जाईल आणि मीही जाईन. तू तुझ्या काळात भांडलीस, मान्य आहे. पण तुझ्यापुढे कुणी असा कागद ठेवला नव्हता. लांबून टोमणे मारणं सोपं आहे, आणि तुला ते फार छान जमतं.

मी सही करायचं ठरवलं आहे. समारंभ दोन तारखेला, रविवारी आहे. तू येऊ नयेस असं आतून वाटतं, पण ये. रागावून लिहिलं आहे, तेवढं पोटात घाल आणि माझ्याशी बोलणं टाकू नकोस.

तुझी,
आसावरी

---

ठाकुर्ली
२४ जानेवारी २०२५

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. बोलणं टाकायला मी काय तुझी जाऊ आहे?

तू लिहिलंस ते बरोबर आहे. माझ्यापुढे असा कागद कुणी ठेवला नाही. माझ्या सहीला तेवढी किंमतच नव्हती. तुझ्यापुढे ठेवला आहे, तेव्हा ठरवायचं ते तू ठरव. मी टोमणे मारले कारण मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला दुसरं काही सुचत नाही. त्या वर्गावर माझा जीव आहे. तुझ्यावरही आहे. यातलं एकच निवड असं कुणी मला म्हटलं तर मला जमणार नाही, एवढं तुला सांगून ठेवते.

रविवारी येते. कानात यंत्र घालणार नाही, सभागृहात ते शिट्ट्या मारतं. म्हणजे भाषणांचा जाच नाही. नंतर काय काय झालं ते लिहून कळव.

जीव आहे हे वर लिहिलंच आहे, आता पुन्हा लिहीत नाही.

तुझी आत्या,
सुमती

---

वर्तकनगर, ठाणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल तुझ्या तैलचित्राच्या अनावरणाला तू पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर इतकी प्रसन्न बसली होतीस की फोटोग्राफरने निम्मे फोटो तुझेच काढले. भलत्याच जागी टाळ्या वाजवत होतीस, पण भाषणंच अशी होती की कुणाला फरक कळला नाही. आता ऐक.

ठरलं होतं असं: आधी भाषणं, मग चहा, चहाला माझी सही, आणि शेवटी पाहुण्यांच्या हस्ते मला ऑर्डर. पण पाहुण्यांना ठाण्यात दुसरा सत्कार होता. त्यांच्या माणसांनी घाई केली, आणि पाहुण्यांच्या हातून फोटो हवाच म्हणून साईनाथरावांनी सगळ्यात आधी ऑर्डर देऊन टाकली. मग माझ्या कानात म्हणाले, सही काय, चहाला होईल.

मी सही करणारच होते, आत्या. पेनही घेतलं होतं. पण आपल्या कायम प्राचार्या, असं ते माइकवर म्हणाले आणि सर्वांत जास्त टाळ्या मागच्या रांगांतून आल्या. दुपारच्या वर्गाच्या बायका होत्या. चहानंतर आपलं काय होणार आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जागृती उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि शेजारी बायजाबाई. सून दुपारी कुठे जाते ते बघायला आल्या होत्या, त्याही वाजवत होत्या. मला लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

माझं भाषण टाइप केलेलं होतं, ते मी वाचलंच नाही. माइकवर सांगितलं की कायम प्राचार्या म्हणून माझा पहिला निर्णय असा, की दुपारचा वर्ग चालू राहील, जूनचे प्रवेश उद्यापासून घेऊ, आणि ज्यांच्या घरात सून आहे त्यांनी तिला पाठवावं. पाहुण्यांना वाटलं हे कार्यक्रमातच आहे. त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या, स्त्रीशिक्षणाबद्दल अध्यक्षांचं कौतुक केलं आणि निघून गेले. मग अध्यक्षांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. तू वळून त्यांच्याकडे बघत होतीस ते तेव्हाच.

चहा मला कुणी विचारला नाही. आज सकाळी टेबलावर नोटीस होती. संस्थेला विश्वासात न घेता जाहीर घोषणा का केली, आठ दिवसांत खुलासा करा. ऑर्डरमध्ये एका वर्षाचं प्रोबेशन आहे, त्याची आठवणही करून दिली आहे. मोकळी हो म्हणणाऱ्या मधुने नोटीस वाचली आणि चहा केला. मला भीती वाटते आहे. झोप मात्र छान लागली.

आज निदान एकही टोमणा न मारता पत्र लिहून दाखव.

तुझी,
आसावरी

---

ठाकुर्ली
६ फेब्रुवारी २०२५

प्राचार्या आसावरी यांस,
सा. न. वि. वि.

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थांबला. वय माझं जास्त असलं तरी हुद्दा तुझा मोठा आहे, आणि हुद्द्याचा मान ठेवायची मला फार जुनी सवय आहे.

मी सोफ्यावर बसून काहीही ऐकलं नाही. फक्त पाहिलं की तू बोलायला उभी राहिलीस, पुढच्या रांगा गप्प झाल्या आणि मागच्या उभ्या राहिल्या. असं सभागृह मला तेवीस वर्षांत एकदाही मिळालं नाही. मला फार आनंद झाला. हेवाही वाटला. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते. रतनला वाटलं मी रडते आहे, आणि तिचं बरोबर होतं.

नोटिशीची भीती वाटणारच. ते तुला वर्षभर छळतील, कदाचित काढूनही टाकतील. पण प्रवेश देऊन बसवलेल्या बायकांना वर्गातून उठवायचं तर त्यांना दुपारच्या उन्हात त्यांच्यासमोर येऊन उभं राहावं लागेल. आणि दुपारी हे सगळे झोपतात.

टोमणा मारू नको म्हणालीस. बरं, नाही मारत. खुलासा मात्र तू स्वतः लिही, क्लार्ककडे देऊ नकोस. थोडक्यात लिही. आणि सहीखाली हुद्दा लिहिताना जरा थांब. सहा वर्षांच्या सवयीने हात आधी प्रभारी लिहील. ते लिहू नकोस.

आपला लोभ असावा, ही विनंती.

आपली,
सुमती आठल्ये