जळकं डांबर

४ नोव्हेंबर
तुटला! मशीनवर बोटभर ताणला न ताणला तोच डांबराचा धागा तुटला. चांगलं डांबर पाण्यात हळूहळू ओढलं की बारीक होत लांबच लांब जातं. हे कडक झालंय. म्हणजे प्लांटवर जास्त तापवून जाळलं. थंडीत रस्ता आकसला की भेगा पडणारच.

आणि प्लांटवर बर्नर सांभाळतो कोण? आमचा दादा! सख्खा भाऊ.

५ नोव्हेंबर
दादाला विचारलं. "तापमानाचा काटा कधी वर जाऊ दिला नाही गं. तुझ्या गळ्याची शपथ." पण ट्रक लांब जातात, वाटेत माल थिजतो, म्हणून सगळेच बर्नरवाले जरा जास्त तापवतात — हे त्यानेच मला हसत हसत सांगितलं होतं. आता शपथा कसल्या खातो!

६ नोव्हेंबर
साहेबांना सांगून टाकलं. खरं ते खरं. भाऊ असला म्हणून काय झालं?

९ नोव्हेंबर
दादाला काढलं. वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, "वन्सं, घरातलं माणूस पारखायला तुम्हाला मशीन लागलं होय?" खूप रडले. तरी वाटतं, मी बरोबर होते.

२ डिसेंबर
नवा बर्नरवाला काट्यापुढे डोळ्यांत तेल घालून बसतो. साहेब म्हणाले, "चूक सापडली ना? आता नमुने पुरे, काम उरका." मलाही पटलं.

दादा आमच्याच रस्त्यावर रोजंदारीने फावडं मारतो, गरम मालाच्या वाफेत. मला बघून पाठ फिरवली.

३ जानेवारी
कडाक्याची थंडी. भेगा! आडव्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दादाच्या वेळच्या तुकड्यावर पडल्या, समजू शकते. पण नव्या माणसाच्या तुकड्यावरही तशाच!

मी नमुना नेहमी प्लांटच्या टाकीतून घेत आले, तापवल्यानंतरचा. डांबर घेऊन आलेला टँकर टाकीत रिकामा व्हायच्या आधी आमच्याकडे कोणीच नमुना घेत नाही. पण मला सुचू नये?

५ जानेवारी
आज थेट टँकरमधून घेतला. तोही तसाच तुटला. डांबर मुळातच कडक येत होतं. दादाने काहीच जाळलं नव्हतं!

साहेबांना सांगितलं, तर त्यांनी दार लावून घेतलं. "टँकर तपासायचं काम तुमचं होतं. तोंड उघडलंत तर नोकरी तुमची जाईल."

६ जानेवारी
वहिनी बाजारात भेटली. स्वतःहून थांबली. "हे म्हणतात, तिच्यावर राग धरू नकोस. तिला जे खरं दिसलं, ते तिने सांगितलं."

मी मान हलवली आणि टँकरचं न सांगताच निघाले.