गडग्यापलीकडचं पाणी

पाली,
१० फेब्रुवारी १९८६

ती. गं. भा. लीलाताईस,
श्रीपतीचा कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कचेरी सुटली की मी घराऐवजी भागोजीच्या घरावर असतो. आमच्या दत्तमंदिराचं गृहसेवा मंडळ यंदा त्याला चिऱ्याचं घर बांधून देतंय. चिरे वाहून हाताला घट्टे पडलेत. सौ. उमा म्हणते, लग्नात पाटावर बसायलासुद्धा मी इतक्या वेळेवर आलो नव्हतो.

मंडळाचा नियम तुला ठाऊक आहे. ज्याला घर हवं, त्यानं आधी दुसऱ्याच्या घरावर राबायचं. भागोजीनंतर चिमाची पाळी होती. नवरा मुंबईत वारला तेव्हापासून ती आणि तिची मुलगी कुडाच्या खोपटात राहतात. पण ही बाई कामावर एकदाही दिसली नाही. श्रमदानाची सगळी देखरेख माझ्याकडे, म्हणून मंडळाच्या बैठकीत मीच बोललो, आणि पाळी काशीरामला गेली. तिच्या दारात जाऊन सांगितलं, तर नुसतं 'बरं' म्हणाली. त्या 'बरं'नं मला उगाच अस्वस्थ वाटतंय. पण नियम तो नियम.

परशुरामला मामाचे आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
श्रीपती

मुरुड,
२१ फेब्रुवारी १९८६

चि. श्रीपती यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. घट्ट्यांना खोबरेल लाव आणि उमाला छळू नकोस. इथे सुपाऱ्या सोलण्याची घाई आहे. परशुरामचं पोट आता बरं आहे.

चिमा आली नाही हे तू लिहिलंस, का आली नाही ते लिहिलं नाहीस. तिला विचारलंस का रे? लहानपणी बैल शेतात शिरला की तू आधी बैलाला मारायचास आणि मग कुंपणाचं बेडं कुणी उघडं ठेवलं ते बघायचास. तशातली गत नसली म्हणजे झालं.

सगळ्यांची आठवण काढणारी,
लीलाताई

पाली,
२ मे १९८६

ती. गं. भा. लीलाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचं उत्तर मुद्दाम टाळलं, कारण मी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

परवा भागोजीच्या घराची वास्तुशांत झाली. पानं वाढली तेव्हा त्याची नवी सून राही वाढलेलं पान घेऊन बाहेर निघाली. कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाली, पानी भरनाऱ्या बायला. मी मागोमाग गेलो. आवाराच्या दगडी गडग्याच्या पलीकडे चिमा उभी होती. कामाला लागणारं पाण्याचं पिंप तीच रोज भरत होती, आम्ही यायच्या आधी. मी समजत होतो, भागोजीच्या घरची माणसं भरतात. आत का नाही आलीस म्हटलं, तर मान खाली घालून म्हणाली, "नवी सून हाय घरात. माज्या पायानं तिला कायतरी लागायला नको."

ताई, तिचा हात लागला नाही असा एक चिरा त्या भिंतीत नसेल, कारण सगळं तिच्या पाण्यानं भिजलंय. आणि मी बैठकीत तिला आळशी म्हटलं. तो शब्द तुला लिहायची लाज वाटली होती.

काशीरामच्या भिंती आता छपराला आल्या. त्याला तरी काय सांगणार? पावसाळ्यात बांधकाम होत नाही, म्हणजे चिमाला आणखी एक पावसाळा त्या वाळवी लागलेल्या कुडातच काढायचा. मंदिराच्या ओवरीत राहा म्हटलं, तर नको म्हणाली. माफी मागायला गेलो, तर तिनं कोरा चहा पुढे केला आणि माझीच समजूत काढली.

मला रागाव, पण पत्र लिही.

तुझा अपराधी भाऊ,
श्रीपती

मुरुड,
१४ मे १९८६

चि. श्रीपती यास अ. उ. आ.

रागावत नाही. तुझं पत्र वाचून देवापुढे बसून राहिले. लिहू की नको असं झालं, पण लिहिते.

तुझ्या घराच्या वास्तुशांतीला मी आदल्या दिवशीच आले होते, आठवतं? यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पूजा पुढच्या ओटीवर चालली होती आणि मी मागच्या पडवीत नारळ खवत होते. कुणी मला तिथे बसवलं नव्हतं. माझी मीच बसले, तुझ्या संसाराला काही लागू नये म्हणून. तू दोनदा येऊन 'ताई, चहा झाला का?' असं विचारून गेलास. तिसऱ्यांदा येऊन 'आत चल' म्हणशील असं मला वाटलं होतं.

तुझ्यावर राग नाही रे. पण चिमाला तू ओळखलं नाहीस याचं नवल वाटत नाही. पावसाआधी तिचं छप्पर तेवढं शाकारून दे.

काळजी घे, आणि उमाला जप.
लीलाताई

पाली,
२० ऑक्टोबर १९८६

ती. लीलाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पावसाळाभर पत्र लिहायचं धाडस झालं नाही. पडवीत गेलो की तू दिसायचीस. उमाला सांगितलं, तर तीही रडली.

चिमाचं छप्पर शाकारलं, तरी श्रावणात एक बाजू बसलीच. मुलगी बरेच दिवस तापानं आजारी होती. आता बरी आहे, पण ते दिवस मी चिमाला परत देऊ शकत नाही.

तुळशीचं लग्न झालं की तिच्या घराचा पाया. पहिला चिरा तूच ठेव म्हटलं, तर तिनं हात मागे घेतले. आपल्याच घराला आपला हात लावायचीही तिला भीती. मग मी सांगितलं की माझी थोरली बहीण येणार आहे. तिनं विचारलं, "त्या पन माज्यासारक्या?" मी हो म्हटलं. तेव्हा म्हणाली, "मंग दोगी मिळून ठेवू."

तुला न विचारताच तुझं नाव सांगितलं, ही माझी जुनी खोड. पण ताई, ये. या वेळी मी तिसऱ्यांदा बोलावतोय असं समज.

तुझा
श्रीपती

मुरुड,
२९ ऑक्टोबर १९८६

चि. श्रीपती यास अ. उ. आ.

परशुराम सोडायला येतो म्हणतोय. नको म्हटलं. एसटीनं एकटी येईन, पुढच्या दारानं.

नारळ खवायला दुसरं कुणी बघून ठेव.

लीलाताई