चौकोनी मणी

इंदापूर,
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय रतन,

वसतिगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर रविवारी दुपारी आपण दोघी बसायचो, ते आठवतं का? भेटीची वेळ संपत आलेली असायची आणि माझी आई तेव्हा कुठे सुप्याहून पोहोचायची. सिस्टर घड्याळाकडे बोट दाखवायच्या. आई त्यांना म्हणायची, "तुमचं घड्याळ बराबर हाय बाई, पर एष्टीला घड्याळ न्हाय." मग ती पायरीवर बसून फडकं सोडायची. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. पहिला तुकडा तुला, दुसरा मला. तू पाहुणी म्हणून तुला आधी, अशी मी माझी समजूत घालायचे. आता वाटतं, तू जास्त हावरट होतीस.

पाकिटात दसऱ्याचं सोनं ठेवलं आहे. पान चुरगळलं तरी घे. इकडे सगळं बरं आहे. ऊस उभा आहे, ह्यांचा गुडघाही उभा आहे, म्हणजे वाकत नाही.

तुझ्या लेकाने आईचा फोटो घालून पाठवलेली सीडी मिळाली. त्या पायऱ्यांवरचा फोटो तुझ्या पेटीत इतकी वर्षं होता, हे वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं. तुला ठाऊक आहे, आमच्याकडे आईचा एकही फोटो नाही. वडील घोंगड्या विकायला पुण्यात यायचे, सिस्टरांनी वसतिगृहासाठी घोंगड्या घेतल्या आणि घोंगडीवाल्याची मुलगीही ठेवून घेतली. पण फोटो काढायचं कुणाच्या मनात येणार? मी मॅट्रिकला असताना आई गेली. तिचा आवाज आठवतो, हात आठवतात. चेहरा आठवायला गेले की कुणा मावशीचा येतो.

तर आता अडचण ऐक. आमच्या कॉम्प्युटरमधला सीडी ड्राइव्ह नाहीसा झाला आहे. चोरीला गेलेला नाही, जागेवरच आहे. बटण दाबलं की ट्रे बाहेर येतो, हिरवा दिवाही लागतो. पण पडद्यावर 'माय कॉम्प्युटर' उघडलं की ए दिसतो, सी दिसतो, आणि डी असायला हवा तिथे काहीच नाही. श्रावणात होता. माझ्या लेकाने, यशराजने, पुण्यात नवा घेतला आणि हा जुना आम्हाला आणून दिला, तेव्हापासून तो कधी रुसला नव्हता.

माझी धाकटी जाऊ बानूबाई म्हणते, "आक्का, त्यो ट्रे न्हवं, जीभ हाय. चिडवतोय आपल्याला."

मी सीडी तीनदा पुसली. मशीन बंद करून चालू केलं. बारामतीला रविराज नावाचा मुलगा कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, त्याला फोन केला. तो सांगत गेला तशा फायली पुन्हा घातल्या. ए आहे, सी आहे, डी नाही.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे घर धुवून काढतात, ते तू एकदा पाहिलं आहेस. गोधड्यांपासून चुलीच्या फुंकणीपर्यंत काही सुटत नाही. यंदा ह्यांनी कॉम्प्युटरही काढला. झाकण उघडलं, वायरी उपसल्या, ट्रॅक्टरच्या ब्रशाने झाडलं आणि सायकलच्या पंपाने आत हवा मारली. मी ओरडले तर म्हणतात, "टॅक्टरचं विंजान खोलून बसवतो मी. ह्यात तर डिझेल बी न्हाय." आणि खंडेनवमीला कोयता, पाना आणि नांगराच्या फाळाशेजारी कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ घातली. माझा संशय पंपावर आहे. ह्यांचा संशय माझ्यावर आहे.

साधा फोटोच टपालाने धाडते, असं तू लिहिलंस. नको धाडूस. मला तो पडद्यावरच बघायचा आहे. का, ते विचारू नकोस. मी हे मशीन चालू करीन.

अक्षर एवढं मोठं आणि तिरकं आलं आहे त्याकडे लक्ष देऊ नकोस. घरात स्केचपेनशिवाय दुसरं पेन सापडलं नाही.

तुझी,
सगुणा


इंदापूर,
१३ ऑक्टोबर १९९८

प्रिय रतन,

तुझं रागाचं पत्र पोहोचलं. "फोटो पाकिटात घालून पाठवला असता तर आत्तापर्यंत तुझ्या हातात असता, तुला आई बघायची आहे की मशीन दुरुस्त करायचं आहे?" हा तुझा प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देईन. आधी बारामतीची गोष्ट.

परवा आम्ही कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला आणि जीपमधून नेला. लासुर्ण्याच्या पुढे रस्ता असा आहे की बानूबाईने त्याला तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेतला होता आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत होती.

रविराजने झाकण उघडलं. आत एक झेंडूची पाकळी निघाली. त्याने ती चिमटीत धरून बाजूला ठेवली, हे दुसरीकडे बघत राहिले. त्याने आमचा ड्राइव्ह काढून एकटाच दुसऱ्या वायरीवर लावला, तर लगेच दिसला. पुन्हा आमच्या हार्डडिस्कच्या वायरीवर जोडला, तर गायब.

"काकू, ड्राइव्ह चांगला हाय," तो म्हणाला. "एकटा असला की नांदतो. दोघांना एका वायरीवर बशिवलं की पटंना."

"जावा-जावांचं असतंय की तसं," बानूबाई म्हणाली. "ह्यात थोरली कोन अन् धाकटी कोन?"

रविराज हसला, पण म्हणाला की नेमकं हेच असतं. एका वायरीवर दोघं असले तर एकाला थोरलं आणि दुसऱ्याला धाकटं ठरवावं लागतं. ड्राइव्हच्या पाठीमागे बारीक पिना असतात, त्यातल्या एका जोडीवर एक टोपी बसवायची असते. ती जिथे बसेल त्यावरून यंत्राला कळतं की हा धाकटा. आमच्या ड्राइव्हला टोपीच नव्हती. दोघंही थोरलेपण सांगत बसले आणि धाकटा यंत्राच्या खिजगणतीतून गेला.

"केवढी असते?" मी विचारलं.

"ज्वारीच्या दाण्याएवढी. काळी, चौकोनी, आतून पोकळ. माझ्याकडं जादा न्हाय. क्लास आता दिवाळीला बंद, नंतर पुण्याला गेलो की आणतो."

ह्यांनी तेवढ्यात विचारलं, "लाकडाची पाचर मारली तर?" नाही चालणार म्हणाला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. क्लासमध्ये रविराजने पडदा माझ्याकडे वळवून विचारलं, "काकू, तुमीच वाचा, खाली काय लिवलंय?" मी वाचलं नाही. बानूबाई पुढे झाली. तिला इंग्रजी येत नाही. तिने माझ्या कानाशी सांगायला सुरुवात केली, "उभी काठी, तिला वरच्या अंगाला पोट. मग नुसती काठी. मग दोन काठ्या अन् मधी तिरकी." मी त्याची अक्षरं जुळवली. क्लासमधली पोरं बघत होती. आमच्या घरी सहा महिने असंच वाचन चालू आहे, रतन. मराठी, तुझी पत्रंसुद्धा, ती वाचून दाखवते. इंग्रजी असलं की ती आकार सांगते, मी शब्द करते. आमच्याकडे डी म्हणजे पोटवाली.

माझ्या नजरेचा मधला भाग झिजतो आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, आणि गेलेलं परत येत नाही हेही सांगितलं. कडेचं सगळं दिसतं, चालते, फिरते, भाकरी करते. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं. ह्यांची टोपी दिसते, कान दिसतात, तोंडाच्या जागी धूर. कागदावरचा फोटो, तू कितीही मोठा करून पाठवलास तरी, मला राखाडी चौकोन दिसेल. पडद्याला मात्र मागून उजेड असतो आणि त्यावर हवं तेवढं मोठं करता येतं. त्या उजेडात मला अजून थोडं दिसतं. अजून, म्हणून ही घाई.

तुला हे कळवायचं नव्हतं. तू लगेच गाडीत बसशील आणि माझ्याकडे त्या नजरेने बघशील, आणि मला ती नजर दिसणारही नाही. ते मला सोसलं नसतं.

रविराज म्हणाला, तसा ड्राइव्ह आहे, फक्त मशीनला दिसत नाही. मी म्हटलं, "माझ्या ओळखीचं आहे हे दुखणं." त्याला ते समजलं नाही. बानूबाईला समजलं. परतताना तिने एकाही खड्ड्याला शिवी दिली नाही.

तुझी,
सगुणा


इंदापूर,
२५ ऑक्टोबर १९९८

प्रिय रतन,

फोनवर तू रडत होतीस म्हणून मी फोन ठेवला, रागाने नाही. बातमी पत्रातच सांगायची होती. डी आला.

पाडव्याच्या सकाळी हे न्हाऊन, पाय लांब सोडून पाटावर बसले होते. मी एरवी टिकली लावते, कुंकू आता जागेवर बसत नाही. पण ओवाळायला आईचा पितळी करंडा काढते. बोट आत घातलं तर कुंकवात काहीतरी टोचलं. दोन बोटांत धरलं. मणी वाटला, पण मणी गोल असतो. ह्याला चार कोपरे होते. नखाने चाचपलं, आत पोकळ.

मी तशीच उभी राहिले. हे म्हणाले, "ओवाळतीस का न्हाई? कानात पाणी गेलंय माझ्या."

मी बानूबाईला हाक मारली. ती दारातच थबकली. "झाडताना घावला व्हता," ती म्हणाली. "म्हटलं आक्काच्या डोरल्याचा मणी गळला. काळा मणी टाकत न्हाईत. अन् गळला म्हनून कुनाला सांगत बी न्हाईत. त्यात तुमचं डोळ्याचं असं. म्हटलं करंड्यात राहू दे, दिवाळी झाली की सोनाराकडनं गुपचूप ववून आनीन."

ह्यांनी पाटावरूनच विचारलं, "मंजी माझ्या पंपाचा दोष न्हाय?"

"तुमच्या ब्रशाचा आहे," मी म्हटलं आणि त्यांना ओवाळलं. तबकात त्यांनी काय घातलं ते मी बघितलंही नाही.

रविराजला घरी फोन केला. त्याने सांगितलं, वायर काढून ठेवा, तीन जोड्या लागतील, मधल्या जोडीवर टोपी बसवा. ह्यांची बोटं केळ्यासारखी, बानूबाई पिनांना हात लावायला धजेना. मी म्हटलं, व्हा बाजूला. बानूबाईने खाली परात धरली, म्हणजे टोपी पडली तरी हरवायला नको. पडली, एकदा. परातीत वाजली. दुसऱ्यांदा मी डोळे मिटून घेतले. मला जे दिसत नाही त्याच्याकडे टक लावून वेळ घालवण्यापेक्षा ते बरं. नखाने पिना मोजल्या, मधल्या दोन धरल्या आणि दाबलं. तिचं बसणं बोटाला कळलं. कुंकू आत गेलं असेल थोडं. खंडेनवमीची राहिलेली पूजा समज.

मशीन चालू केलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही. बानूबाईचा श्वास ऐकत होते.

"आक्का," ती म्हणाली, "पोटवाली आली."

फोटो उघडला आणि पडदा भरेपर्यंत मोठा केला. पायऱ्यांच्या कडा दिसल्या, वर खिडकीचे गज दिसले. आई मधोमध असणार हे मला ठाऊक होतं, आणि मधोमधच माझा धूर असतो. मी तिच्याकडे बघायची, ती पुसली जायची. डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. जिथे ती, तिथे धूर. बानूबाई सांगायला लागली, "कपाळ हाय, त्याच्यावर..." मी तिला थांबवलं. हे मला आकारांनी ऐकायचं नव्हतं.

मग चिडून मी आईचा नाद सोडला आणि फोटोच्या टोकाला बघितलं. तिथे तू आहेस. दोन वेण्या, गाल फुगलेला, तोंडात माझ्या आईची भाकरी. तू लगेच पुसली गेलीस, आणि तुझ्या शेजारी आई उभी राहिली.

कपाळावर गोंदण आहे. नाकात मोरणी. डोक्यावरचा पदर एसटीच्या वाऱ्याने मागे सरकलेला. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, पायरीवरच्या माझ्याकडे बघते आहे, आणि हसताना तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो. तो दात मी साफ विसरले होते. बानूबाई म्हणाली, "आक्का, तुमचा बी तसाच हाय." चाळीस वर्षं मी तो तोंडात घेऊन हिंडते आहे.

मी नजर हलवली नाही. हलवली असती तर ती गेली असती. हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "सासूबाई भांडखोर दिसत्यात." होती.

आता रोज सकाळी मी कडेने बघायचा सराव करते. वर्तमानपत्राचे मथळे जमतात. डॉक्टर म्हणाले होते, सवय होते. त्यांनी सांगितलं तेव्हा मला ती दिलाशाची गोष्ट वाटली होती. ते कामाची गोष्ट सांगत होते.

मी कुठे जात नाही, रतन. पण डोळे पुढे निघाले आहेत, तेव्हा त्यांचं सामान वाटून टाकते. शाळेत बक्षीस मिळालेली इंग्रजी पुस्तकं दोन खोक्यांत बांधली आहेत, ती तुझ्या नातींसाठी. त्यातल्या नकाशांच्या पुस्तकावर तू शाई सांडली होतीस. ते मात्र माझ्या स्वरालीला देते आहे, यशराजच्या मुलीला, डागासकट. माझा चष्मा ह्यांना हवा आहे, सोयाबीनमधले खडे बघायला. घेऊ देत. आईचा करंडा मी पाडव्यालाच बानूबाईच्या हातात दिला. ती नको म्हणाली, मग आत जाऊन तिने तो आपल्या ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवला. कॉम्प्युटर मी असेपर्यंत माझा. पुढे तोही तिचा. तिचं अक्षरांना नावं ठेवणं आता पुरे, म्हणून मी तिला खरी नावं शिकवते आहे. के पर्यंत आलो आहोत.

कागदावरचा फोटो आता पाठव. मोठा करून, चौकटीत. सोप्यात लावायचा आहे. येणारी-जाणारी बघतील, पोरं बघतील, ती कुणाची कोण ते विचारतील.

आणि तो घेऊन तूच ये. बाजरी नवी आली आहे. भाकरी मी करीन, पहिला तुकडा तुझा, दुसरा बानूबाईचा, तिसरा मी घेईन. जेवताना मी तुझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत बोलले तर वाईट वाटून घेऊ नकोस. मी तेव्हा तुलाच बघत असेन.

तुझी,
सगुणा