हळद लागलेल्या पट्ट्या

११ ऑक्टोबर १९८८
आजही नाही. एकाच तावातून कापलेल्या दहा पट्ट्या, दहांवरही एकाच बाटलीतलं साखरपाणी – आणि मीटरची सुई दहा ठिकाणी! एका थेंबातून रक्तातली साखर सांगणारी पट्टी साहेबांनी मुंबईच्या डॉक्टरांना कबूल करून ठेवलीय. साजगावच्या ज्या शेडमध्ये परवापरवापर्यंत लग्नपत्रिका छापत होते, तिथे! छापणारे दामूकाका तेच, जाळीच्या चौकटी त्याच, फक्त शाई कार्बनची. काळी रेघ कुठे जाड, कुठे पातळ बसते आणि माझं गणित ढासळतं.

१३ ऑक्टोबर
अलिबागच्या सरकारी प्रयोगशाळेचं पत्र. निवड झाली! ३१ तारखेपर्यंत मूळ दाखले घेऊन हजर व्हायचं. आणि दाखले साहेबांच्या लोखंडी कपाटात. तीन वर्षांचा बाँड, त्यातलं दीडच वर्ष झालंय. विचारायला गेले तर हसून म्हणाले, "दहा पट्ट्या जुळवा, अहवालावर सही करा, पट्ट्यांची पेटी मुंबईला गेली की दाखले घेऊन खुशाल जा."
घरी कडावला परतताना एसटीत नुसते दिवस मोजत होते.

१५ ऑक्टोबर
नाही जुळत.

१९ ऑक्टोबर
खंडेनवमी. दामूकाकांनी सकाळपासून चौकटी घासून धुतल्या, जाळी नव्यानं ताणली, ताव सुकवायची भट्टी पुसली. मग हळदकुंकू. सगळ्यांना – शाईच्या डब्यालासुद्धा. मला म्हणाले, "बाय, तू पन बोट लाव." मी म्हटलं, काका, आमच्यात नाही करत. "बरं गं," म्हणाले आणि गूळखोबरं हातावर ठेवलं. माझ्या 'नाही'चं या शेडमध्ये ज्यांना काही वाटत नाही, असे ते एकटेच. पूजा झाल्यावर मुहूर्ताचे म्हणून बारा ताव छापले.

२० ऑक्टोबर
दसरा, सुट्टी. पांढरी साडी नेसून आई-बाबांबरोबर कर्जतला, विहारात. वंदना चालू असतानाही डोळ्यांपुढे सुई. स्वतःचीच लाज वाटली.

२१ ऑक्टोबर
जुळल्या! मुहूर्ताच्या तावाच्या दहाच्या दहा! दुसऱ्या तावाच्या दहा, त्याही! साहेबांनी अहवाल पुढे केला, मी सही ठोकली. पेटी सोमवारी, ३१ला जाणार. ते म्हणाले, सकाळी लवकर या, दाखले घ्या आणि तशाच अलिबागला जा. आईनं शेजारणीला सांगूनही टाकलं.

२४ ऑक्टोबर
साखर नसलेल्या पाण्यात पट्टी बुडवून बघायची राहिली होती. आधी करायची ती गोष्ट आनंदाच्या भरात मी सोडूनच दिली. आज केली.
सुई हलली. साखरेचा कण नाही आणि सुई हलली!

२५ ऑक्टोबर
पट्टी स्पिरिटमध्ये ठेवली. स्पिरिट पिवळं झालं. धुण्याचा सोडा टाकला – लाल. हळदीच्या डागाला साबण लागला की होतो तसा. डब्याला लावलेली हळद शाईत पडली आणि काकांनी ती मनापासून घोटली. जाळी धुतली, ताणली म्हणून रेघ एकसारखी आली. साखर नसली तरी हळदच सुई हलवते, म्हणून सगळ्या पट्ट्या सारख्याच खोट्या झाल्या. साखर उतरून गळाठलेल्या माणसालाही या पट्ट्या साखर चढलीय म्हणून सांगणार. वर त्याला साखर उतरवायचं इंजेक्शन देतील. माणूस मरेल. माझ्या सहीनं.
कुणाला सांगू? पूजा न करणारी मी, आणि म्हणणार काय, तर पूजेनं बिघडलं! शिवाय काकांची नोकरी जाईल. साहेबांना लिहून द्यायला पेनच उचलवत नाही.

२६ ऑक्टोबर
सांगितलं. साहेबांना, शाईत हळद गेलीय म्हणून. काकांचं नाव घेतलं नाही. साहेब म्हणाले, "सुई जेवढी हलते तेवढं वजा करा." म्हटलं, कालच्यापेक्षा आज कमी हलते, रोजचं किती वजा करू? मग त्यांचा आवाज चढला. "तुमच्यात पूजा नाही, म्हणून बरी आमची हळद दिसली! सही झालीय. दाखले हवेत ना?"
मी मान हलवली. हो म्हणून. मला माझाच राग येतो आहे.

२८ ऑक्टोबर
जेवणाच्या सुट्टीत काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली.
"मंजी मानूस दगावंल?"
म्हटलं, दगावू शकतो.
"आन पेटीतल्या समद्या पट्ट्या त्याच शाईच्या?"
समद्या.
"मंग त्या पूजेच्या झाल्या. पूजेची चीज बाजारात धाडत नाय, बाय. पान्यात सोडायची असती. तू बोल, सोडू का?"
मी भाकरीचा डबा झाकला. भोंगा झाला तसे उठले. जाताना एवढंच म्हणाले, "तुजे दाखले अडकतील गं. तू सांगशील तवाच."
घरी आई बॅग भरून बसली होती.

२९ ऑक्टोबर
सकाळी आल्या आल्या काकांना म्हटलं, सोडा. कपाटावरची पेटी लगेच गेली, पाताळगंगेच्या पाण्यात. साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, कुणी टाकली? काका पुढे होत होते. मी त्यांच्या आधी बोलले – मी सांगितलं, म्हणून टाकली.
दाखले कपाटातच आहेत. दुपारच्या एसटीनं घरी आले. बॅग रिकामी केली.